मराठीची पदवी, टायपिंगचं सर्टिफिकेट आणि एआय: मुलीला पुस्तकांच्या कामात पाठवावं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी मराठी घेऊन बीए झाली, मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची टायपिंगची परीक्षा पास आहे, तिला पुस्तकांच्या कामात नाहीतर भाषांतरात जायचंय, एमए करून संशोधनाचाही विचार आहे, आणि घरात सगळे म्हणतायत की हे सगळं आता एआय करणार, तिला वेळीच दुसरीकडे वळवा. मी पुण्यात पुस्तकांची अक्षरजुळणी, मांडणी आणि मुद्रितशोधन करतो, खिळ्यांचा, म्हणजे शिशाची अक्षरं हाताने जुळवायचा, शेवटचा काळ बघितलाय, डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं तेव्हा त्यात होतो आणि आज माझ्याच टेबलावर एआयने काढलेला मजकूर रोज येतो. माझं मत आधीच सांगतो. वळवू नका. पण टायपिंगच्या जोरावर काम मिळेल ही आशा मात्र सोडा, कारण नुसतं टाइप करून देणाऱ्याचं काम जवळपास संपलंय, आणि जे काम उरलंय ते शिकायची जी जागा होती तीच आता कमी होत चाललीय. माझ्या मते खरी काळजी त्याची करायला हवी.

थोडं मागून सांगतो, कारण या धंद्यात असं आधीही झालंय. खिळ्यांच्या काळात देवनागरीची केस, खिळे ठेवायची पेटी, म्हणजे शेकडो खाने, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त, कारण जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, रफार सगळ्यांचे वेगळे खिळे लागायचे. ही संख्या कमी कशी करता येईल यावर खुद्द टिळकांनी केसरीसाठी डोकं लढवलं होतं. कंपोझिटर उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचा, स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, ओळ जुळवायचा, त्या ओळी लांब ताटलीत लावून गॅली बांधायचा, छापून झालं की तेच खिळे परत आपापल्या खान्यात टाकायचे. हा माणूस शाळेत फार शिकलेला नसायचा पण वर्षानुवर्षं चांगल्या लेखकांचा मजकूर अक्षर-अक्षर हाताळल्यामुळे त्याचं शुद्धलेखन बऱ्याच मास्तरांपेक्षा पक्कं असायचं. शेजारी मुद्रितशोधक आणि प्रूफ वाचताना त्याला मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवणारा मुलगा. तो मुलगा दोन-तीन वर्षं नुसतं वाचून दाखवायचा आणि त्यातच तयार व्हायचा, त्याला कोणी वेगळं शिकवत नव्हतं.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात डीटीपी आलं. पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर १९८५ चं, आपल्याकडे मराठीसाठी ते जोरात चाललं ते श्रीलिपी, आकृती असली सॉफ्टवेअर आल्यावर. आता यात कामं कुणाला मिळाली हे नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. कंपोझिटरला नाही मिळाली, टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्या मुला-मुलींना मिळाली, कारण नव्या यंत्राला बोटांचा वेग हवा होता आणि तो त्यांच्याकडे होता. गल्लीबोळातल्या इन्स्टिट्यूटमध्ये ठकठक शिकलेल्या कितीतरी मुलींची घरं या कामावर उभी राहिली, हे चांगलंच झालं. पण ज्या कंपोझिटरना भाषा येत होती त्यातले थोडेच मुद्रितशोधक झाले, बाकीचे वॉचमन झाले, गावी गेले. मग काही वर्षांत संगणकावरून थेट प्लेट निघायला लागली, सीटीपी म्हणतात ते, आणि बटर पेपर, ब्रोमाइड, फिल्म, पॉझिटिव्ह चिकटवणारा पेस्टर, कॅमेऱ्याची डार्करूम ही आख्खी साखळी गेली, त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. म्हणजे प्रत्येक वेळी यंत्राने हाताचं काम घेतलं आणि 'हे पान बरोबर आहे का' हे ठरवणारा डोळा तेवढा माणसाकडे राहिला.

डीटीपीच्या काळात अजून एक गोष्ट झाली जिचे परिणाम आज संशोधन करणारे भोगतायत. त्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं आतलं कोडिंग वेगळं होतं. पडद्यावर मराठी दिसायचं पण आत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असायचे, त्यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसताना उघडली की सगळा कचरा दिसायचा. खरं तर सामायिक पद्धत उपलब्ध होती. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या कोडिंगचं भारतीय मानक १९९१ चं आहे, त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एकाच कोडिंगची, पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती, पुढे विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी केलेला मंगल फॉन्ट घराघरात पोचला. पण छपाईची साधनं मागे होती. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरं धडपणे मांडता यायला २०१२ ची सीएस६ आवृत्ती यावी लागली, त्यामुळे प्रकाशक आणि आम्ही सगळे तोपर्यंत जुन्याच फॉन्टमध्ये काम करत राहिलो. त्या वीसेक वर्षांत मराठीत जे छापलं गेलं, कथा-कादंबऱ्या, इतिहास, शेतीची पुस्तकं, दिवाळी अंक, त्याचा बराच मोठा भाग अशा फायलींमध्ये अडकून पडला, काही सीडींवर, काही बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर. कन्व्हर्टर असतात, मी रोज वापरतो, पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, ही उलटापालट करताना जोडाक्षरांपाशी गोंधळ होतो, रफार भलत्याच अक्षरावर जातो. 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र तर युनिकोडमध्येही दोन रीतींनी टाइप होतो, दिसायला सारखाच पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे एका रीतीने शोधलं तर दुसऱ्या रीतीने लिहिलेलं सापडतच नाही. एखादी पीएचडी करणारी मुलगी पाचशे लेखांत एखादा शब्द किती वेळा आला ते मोजते आणि आकडा चुकीचा येतो, तिला कळतही नाही. आणि आजची एआय मॉडेल्स जे मराठी शिकली ती मुख्यतः नेटवर युनिकोडमध्ये असलेल्या मजकुरावर. या मॉडेल्सचं मराठी अजून इतकं पातळ आणि इंग्रजी वळणाचं वाटतं त्यात त्या अडकलेल्या पुस्तकांचाही वाटा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता आजचं सांगतो. लेखक मोबाइलवर बोलून लिहितात, जुनं पुस्तक असेल तर स्कॅन करून ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेतली, की पान काही सेकंदांत मजकुराच्या रूपात मिळतं, आणि चांगल्या छपाईचं पुस्तक असेल तर ते बऱ्यापैकी बरोबर असतं. म्हणजे टायपिस्टचं काम गेलं. मग प्रूफ वाचणाऱ्याचं काय? तर इथे चुकांची जातच बदललीय. टायपिस्टची चूक डोळ्याला टोचायची, अक्षर गळलं, काना राहिला, वेलांटी चुकली, तर मजकूर न कळताही ती पकडता यायची. एआयमधून आलेल्या मजकुरात असं काहीच टोचत नाही. वाक्य गुळगुळीत, शुद्धलेखन ठीक, आणि एखादं 'नाही' गायब, किंवा १८८१ चं १८८७ झालेलं, किंवा यंत्राला न वाचता आलेल्या ओळीच्या जागी त्याने अंदाजाने स्वतःचंच एक शोभेलसं वाक्य घातलेलं. अशी चूक नुसतं प्रूफ वाचून सापडत नाही, मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघावी लागते आणि विषयही थोडा माहीत असावा लागतो. हे काम आधीपेक्षा कठीण आहे आणि ते करू शकणारी माणसं मला आज मिळत नाहीत, हे मी धंदा करणारा म्हणून सांगतोय.

संशोधनाच्या बाजूने यातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे यंत्राने मजकूर 'सुधारणं'. आपण आज जे शुद्धलेखन पाळतो ते साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे, त्यात १९७२ ला भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'करावें', 'त्यांत' असे अनुस्वार सर्रास असतात. एआयला सांगितलं की या जुन्या पानाचा मजकूर काढून दे, तर ते बऱ्याचदा 'नाही', 'करावे' करून टाकतं, न सांगता. सामान्य वाचकाला त्यात काहीच वावगं वाटणार नाही, पण जो माणूस एकोणिसाव्या शतकातली भाषा अभ्यासतोय त्याच्यासाठी तो पुरावाच नष्ट झाला. म्हणून माझ्याकडे जुनं पुस्तक आलं की पहिला नियम, आवृत्ती कोणती, स्कॅन कुठून आणलं, मजकूर कशाने काढला आणि कुणी ताडला हे चार ओळींत फाइलच्या वर लिहायचंच. विद्यापीठांत हे शिकवलं पाहिजे, आणि ते शिकवायला काही मोठी लॅब लागत नाही.

मोडीचं तर वेगळंच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेले आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत, जुन्या घराण्यांकडे, देवस्थानांकडे आहेत, आणि ते वाचणारी माणसं फार थोडी. युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये आली, यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोग चालू आहेत आणि ते पुढे जातील याबद्दल मला शंका नाही. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक पाळलेलं नसतं, अनुस्वार गाळलेले असतात, दोन शब्दांत जागा नसते, हात न उचलता ओढत लिहिलेलं असतं. यंत्र तिथे दोन-तीन शक्यता देणार, आणि त्यातली कुठली खरी ते ज्याला तो काळ, ती गावं, ती देण्याघेण्याची भाषा माहीत आहे तोच ठरवणार. म्हणजे यंत्र जितकं जास्त वाचून देईल तितकी तपासणारी माणसं जास्त लागतील. तुमच्या मुलीला संशोधनाची ओढ असेल तर तिने मोडी शिकावीच असं माझं ठाम मत आहे, पुराभिलेख खातं आणि इतिहासाच्या संस्था मोडीचे वर्ग घेतात, अभ्यासक्रम काही वर्षांचा नसतो, सराव मात्र पुढे रोज करावा लागतो.

भाषांतराबद्दल. गुगलमध्ये मराठी २०१३ ला आलं, सुरुवातीची काही वर्षं ते फार कच्चं होतं, मग न्यूरल पद्धत आली आणि सुधारलं. सरकारची भाषिणी ही भाषांतराची सेवा २०२२ ची, आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांचं मॉडेल खुलं करून दिलं, सुप्रीम कोर्टात २०१९ पासून सुवास नावाचं सॉफ्टवेअर निकालांच्या भाषांतराला वापरतात आणि त्यावर माणसं हात फिरवतात. तर साधं पत्रक, जाहिरात, वेबसाइटवरची माहिती याचं पहिलं भाषांतर आता माणूस करत नाही हे धरूनच चाला. गिऱ्हाईक यंत्राचा मजकूर पाठवतो आणि म्हणतो 'फक्त एकदा नजर टाका', आणि दर अर्ध्याहून कमी देतो. मी नव्या मुलांना सांगतो की 'नजर टाका' हे काम त्या दराने घेऊच नका, कारण करारात 'जोपर्यंत अमुक होत नाही तोपर्यंत जबाबदारी नाही' याचं उलटं झालेलं शोधायला मूळ वाचावंच लागतं आणि वेळ नव्याने भाषांतर करण्याइतकाच जातो. कायदा, वैद्यक, शेती, विमा यातला एखादा विषय ज्याला खरोखर येतो त्याला काम आहे आणि बरं काम आहे. सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्याला नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वर तो प्रत वाचून दाखवणारा मुलगा सांगितला ना, त्याच्यासारखी जागा डीटीपीच्या काळातही होती, नवीन मुलगी आली की पहिलं वर्ष नुसतं टाइप करायची, प्रुफावरच्या दुरुस्त्या करायची, मुद्रितशोधक लाल शाईने कुठे काय खुणा करतोय ते बघत बघत तिला आपोआप कळायला लागायचं की 'कि' नाही 'की', 'आणी' नाही 'आणि', परिच्छेद कुठे तुटला की वाईट दिसतो, एखादी ओळ पानाच्या वर एकटी पडू द्यायची नाही. मालकाला तिचं टायपिंग मिळायचं आणि तिला शिक्षण, दोघांचं भागायचं. ते नवशिक्याचं कामच यंत्राने घेतलं. मालकाला अनुभवी माणूस हवाय, अनुभव घ्यायची जागा कुणी द्यायला तयार नाही. हे फक्त आमच्याकडे नाही, ओळखीतले सॉफ्टवेअरवाले सांगतात की नव्या पोरांना जी साधी कामं द्यायचो ती आता एआयकडून होतात, वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअरने करायचं टिपण तसंच. दहा वर्षांनी आजचे अनुभवी लोक निवृत्त होतील तेव्हा यंत्राचं चुकलेलं पकडणार कोण, हा प्रश्न मला झोप लागू देत नाही.

म्हणून मी माझ्याकडे एक पद्धत ठेवलीय. नवीन कोणी आलं तर पहिले काही महिने प्रूफ कागदावर, मूळ प्रतीशी ताडून, पेनने. ओसीआर नाही, स्पेलचेकर नाही, एआय नाही. त्यानंतर तेच पान यंत्राकडून काढायचं आणि आपण काय पकडलं, यंत्राने काय पकडलं, दोघांच्या हातून काय सुटलं हे शेजारी शेजारी मांडून बघायचं. यात पैसे जातात, काम हळू होतं, तरी करतो, कारण दुसऱ्या कुठल्या रस्त्याने हा डोळा तयार होताना मी बघितलेला नाही. मराठी विभागांनीही हे करावं. सत्तर-ऐंशी मुलांकडून घरून निबंध मागवायचे आणि ते सगळे एआयने लिहून आणतात म्हणून कपाळावर हात मारायचा, त्यापेक्षा वर्गात एक जुनं पान आणि यंत्राने काढलेला त्याचा मजकूर द्या, एका तासात चुका शोधायला लावा, आणि प्रत्येक चूक का झाली असेल ते तोंडी सांगायला लावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय, जिथे महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांची परंपरा आहे. असं शिक्षण देण्याची संधी याआधी इतकी चांगली कधी नव्हती.

मुलीने नेमकं काय करावं? टायपिंगचं सर्टिफिकेट वाया गेलेलं नाही, सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी ते अजून लागतं, त्या परीक्षा तिला द्यायच्या असतील तर जरूर द्याव्यात. मात्र पुस्तकांच्या कामासाठी युनिकोड हाताखाली पाहिजे, इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिकली तर उत्तम, आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर साफ कसा करायचा हे शिकायलाच हवं, म्हणजे शोधा-बदला मधल्या नमुन्यांच्या पद्धती, ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. नाव अवघड वाटतं पण बीए झालेल्या मुलीला महिनाभरात कामापुरतं येतं, आणि आमच्या धंद्यात हे येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आहेत. इनडिझाइनमध्ये स्टाइल लावून आख्खं पुस्तक मांडता यावं, नुसतं एकेक पान सजवणं नको. ईपुस्तक तयार करता आलं तर त्याचा वेगळा उपयोग. आणि शुद्धलेखनाचे नियम उदाहरणांसकट तोंडपाठ, यात सवलत नाही.

सहा महिन्यांत एआय तज्ज्ञ करून देतो म्हणून पन्नास-साठ हजार घेणारे क्लास आता गल्लोगल्ली निघालेत, तिकडे पैसे घालू नका. साधनं दर काही महिन्यांनी बदलतायत, आज शिकलेली बटणं वर्षभरात जुनी होतात, त्यातलं जे कामाचं आहे ते काम करता करता येतं.

एमए आधी की नोकरी आधी असं तुम्ही विचारलंत. दोन्ही एकदम करावं असं मी म्हणेन, एमए नियमित करताना अर्धवेळ कुठल्यातरी प्रकाशकाकडे किंवा मुद्रितशोधकाच्या हाताखाली, सुरुवातीला पैसे थोडे मिळाले तरी चालेल, पण फुकट नको, फुकट काम करून घेणारा माणूस शिकवतही नाही असा माझा अनुभव आहे. अर्ज करताना बायोडेटाबरोबर एक नमुना जोडायला सांगा. जुन्या, प्रताधिकार संपलेल्या पुस्तकाची दहा पानं घ्यावीत, मोफत ओसीआरने मजकूर काढावा, मूळ पानाशी ताडून दुरुस्त करावा, आणि सोबत एका पानावर यंत्राने काय काय चुकवलं आणि तिने ते कशावरून ओळखलं याची यादी. माझ्याकडे असा अर्ज आला तर मी मार्कशीट न बघता भेटायला बोलावेन, आणि ओळखीतले दोन-तीन प्रकाशकही हेच करतील. ती दहा पानं करताना तिला कंटाळा आला की मजा आली हे तुम्हाला घरात दिसेलच, कंटाळा आला तर मग दुसरीकडे वळवायचा विचार जरूर करा.